नावं कोणी सांगितली

चष्म्याच्या दुकानात वडिलांचं नाव कोणी विचारत नाही. नाव, वय, गाव, फोन, एवढंच माधवी कार्डावर लिहून घ्यायची. म्हाताऱ्याने "सरदार" एवढं सांगितलं, आणि नुसतं तेवढं कोणाला पुरणार नाही अशा जुन्या सवयीने पुढे म्हणाला, "याह्या चावीवाल्याचा पोरगा. कान्हे ठेसनाच्या पल्याडचा." तिचा हात लिहीत राहिला आणि वयाच्या जागी तिने गावाचं नाव लिहिलं. ते तिच्याच माहेरचं गाव होतं. ती ते खोडत असताना म्हातारा म्हणाला, "पंच्याऐंशी," कारण ती वयासाठी अडली आहे असं त्याला वाटलं.

बाहेर लोणावळ्यात शनिवारच्या गाड्या भुशी धरणाच्या रस्त्यावर तुंबल्या होत्या आणि एकामागून एक हॉर्न वाजवत होत्या. मागच्या खोलीचं दार लावलं की तो आवाज भिंतीपलीकडच्या भांडणासारखा बोथट व्हायचा. तिने सरदारला उंच खुर्चीवर बसवलं, दिवा मालवला, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला. तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवताना तिची बोटं त्याच्या कानामागच्या ओल्या केसांना लागली. माणूस एवढ्या जवळ आला की त्याचा श्वास ऐकू येतो. तीस वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. आज मात्र आपलाच श्वास त्याला ऐकू जात असेल असं तिला वाटत राहिलं.

"चाचा, जवळचं वाचायला हवंय की लांबचं?"

"दगडावरचं."

"म्हणजे?"

"गावात दगड बसवनार हाईत, नऊ तारखेला. बेचाळीस साली जे तुरुंगात गेले त्यांची नावं. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचीत. घरातली पोरं वाचून दावतील, पर ती खोटं वाचतील."

"खोटं कशाला वाचतील?"

"मला बरं वाटावं म्हनून."

तिने डाव्या डोळ्यावर काळी चकती बसवली. पुढचा प्रश्न तिने विचारायला नको होता. उत्तर तिला माहीत होतं, कारण त्या दगडाची कमिटी तिच्या भावाचीच होती आणि नावांची यादी तिच्या फोनमध्ये महिनाभर पडून होती. तरी तिने विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव आहे त्यात?"

"न्हाई. अर्ज दिलता. म्हनले, तुरुंगात गेलेल्यांचीच घेतलीत." त्याने नाकावरची फ्रेम सारखी केली. "ते कारन न्हवं. आमच्या अब्बांनी पोलिसाला नावं सांगितली असं गाव म्हनतं. अब्बा होते तवाबी म्हनायचं, आताबी म्हनतं. तुमी लावा भिंग."

तिने भिंग लावलं. आता बरं की आधी, तिने विचारलं. आधी, तो म्हणाला. तिने दुसरं लावलं. याह्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, तो तिच्या जन्माआधीच गेला होता. पण रुळाच्या कडेचं ते शेवटचं घर तिने रोज पाहिलं होतं. त्या घराशी कोणी भांडत नसे. गावजेवणाला त्यांना बोलावणं जाई, पानही वाढलं जाई, फक्त त्या पानाच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहत. ती सात वर्षांची असताना एकदा पंगतीत चुकून त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली होती. शेजारी याह्याची बायको होती. तिने आपल्या पानातली बुंदी उचलून माधवीच्या पानात ठेवली होती, आणि तेवढ्यात आईने माधवीला दंड धरून उठवलं होतं. त्या बाईने नुसतं आपल्या पानाकडे पाहिलं होतं. ती बाई या म्हाताऱ्याची आई, हे माधवीला आता, उजव्या डोळ्यासमोर चौथं भिंग धरलेलं असताना, पहिल्यांदा लक्षात आलं.

चोवीस वर्षांपूर्वी याच दुकानाच्या वरच्या घरात तिचे आजोबा, महिपती, मोतीबिंदू काढून घ्यायला येऊन राहिले होते. एकोणऐंशी वर्षांचे होते. गावच्या शाळेच्या पन्नास वर्षांची स्मरणिका निघायची होती आणि तीत छापायला स्वातंत्र्यसैनिकाच्या आठवणी हव्या होत्या. डोळ्यावर पट्टी, बाहेर पाऊस, करायला दुसरं काही नाही; तेव्हा ते सांगायचे आणि माधवी शंभर पानी वहीत लिहून घ्यायची. भाषणं, मोर्चे असलं काही त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायचे भाकरीबद्दल. डोंगरातल्या कपारीत चौघं लपलेले असले तर एकाच घरातून चार भाकऱ्या निघून चालत नसे. पीठ लवकर संपलं की पोलीसपाटलाच्या बायकोच्या ध्यानात येई. म्हणून आज या घरची एक, त्या घरची एक. आणि त्या भाकऱ्या शेणाच्या पाटीत, वर-खाली पळसाची पानं घालून, बायका डोंगराकडे न्यायच्या. तारांच्या खांबांवर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या असत, त्या गोफणीने फोडायच्या, म्हणजे खांबावर चढायला नको. तोडलेली तार तांब्याची, पण विकायची सोय नाही, ती विहिरीत. बातमीपत्र कार्बन घालून एका वेळी सहा प्रती लिहायचं. सहावी प्रत वाचताच यायची नाही, ती ज्याला पाठ असेल त्याने न्यायची. "आमी त्याला लढाई न्हवतो म्हनत," आजोबा म्हणाले होते. "काम म्हनायचो. आज काम हाय का, असं."

मग रुळाचं काम आलं. तिघं होते: महिपती, त्यांचा जोडीदार आदिनाथ आणि रतन नावाचा तिसरा. आणि चौथा, ज्याचं नाव कुठेच नव्हतं, याह्या. तो रेल्वेत चावीवाला होता. ठरलेला पट्टा रोज चालायचा, रुळाच्या सैल झालेल्या चाव्या, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या पाचरी, हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, ही त्याची नोकरी. लष्कराचं सामान नेणारी मालगाडी कधी येणार ते त्यानेच सांगितलं होतं. बोल्टांवर दोन दिवस आधी करंजाचं तेल सोडून ठेवा म्हणजे करकरणार नाहीत, हे त्यानेच शिकवलं होतं. आणि ठरलेल्या दुपारी आपल्या खोपटाला कुलूप न लावता, आत मोठा पाना ठेवून, तो पट्ट्यावर निघून गेला होता. श्रावणातला पाऊस असा की वीस पावलांवरचं दिसत नव्हतं. तिघांनी वळणावरचा जोड सोडवला, पाना परत खोपटात ठेवला आणि वरच्या निरगुडीत जाऊन पडून राहिले. पण मालगाडी मागच्या स्टेशनात अडकवून ठेवली होती आणि पुढे सोडली होती साधी पॅसेंजर. तीत लोणावळ्याच्या बाजाराला निघालेल्या बायका होत्या. त्यांच्याच गावच्या सात. निरगुडीतून तिघांना दिसलं ते एवढंच, की याह्या लाल बावटा घेऊन पावसात गाडीच्या दिशेने पळतोय, मध्येच वाकून रुळावर काही लावतोय आणि पुन्हा पळतोय. ते रेल्वेचे फटाके होते. चाक त्यांच्यावरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. तीन बार झाले आणि गाडी थांबली. "त्या वक्ताला," आजोबा म्हणाले होते, "मला रडू आलं. आदिनाथ म्हनला, गप, आवाज व्हतोय."

याह्याला पोलिसांनी आठ दिवस ठेवलं. जोड कोणी सोडवला हे तुला ठाऊक असलंच पाहिजे, म्हणून मारलं. सोडलं तेव्हा त्याला डाव्या पायावर भार देता येत नव्हता. मग रेल्वेच्या साहेबाने गाडी वाचवल्याबद्दल त्याला बक्षीस म्हणून लोकरीचा कोट दिला. आणि कोट मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी पोलीस गावात आले, आदिनाथला आणि रतनला त्यांच्या घरातून उचलून नेलं. गावाने कोट पाहिला होता. गावाला आणखी काही पाहायची गरज उरली नाही. तुरुंगात पाचव्या महिन्यात आदिनाथ हगवणीने गेला. त्याची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती, ती त्याने पाहिलीच नाही.

इथपर्यंत माधवीने लिहून घेतलं होतं. मग आजोबा म्हणाले, "पेन खाली ठेव." तिने ठेवलं. पट्टीमुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते, नुसतं तोंड हलत होतं. "मला आधीच धरलं व्हतं. त्या दोघांच्या आदल्या दिवशी, तळेगावच्या बाजारात. खिशात तारेचा तुकडा राहिलेला. गावाला वाटतं तिघं एकदमच धरले. मला खुर्ची दिली बसायला. फौजदार म्हनला, थंडी वाजतीय का. चहा मागवला. मला कुनी हात लावला न्हाई. मी चहा प्यालो आन् दोन नावं सांगितली." पुढे ते म्हणाले, "याह्याचं न्हाई सांगितलं. तेवढं केलं." जणू ते जमेच्या बाजूचं काही होतं. मग म्हणाले, "हे लिहू नको." तिने लिहिलं नाही. स्मरणिकेत भाकऱ्या आल्या, गोफण आली, करंजाचं तेल आलं. दोन वर्षांनी आजोबा गेले, तेव्हा तिरंगा घातला होता. तिने स्वतःला सांगितलं होतं की हे आजोबांचं आहे, आपलं नाही. आणि हळूहळू खरंच ते तिला आपलं वाटेनासं झालं होतं.

"ही वळ दिसती," सरदार म्हणाला. "पर मधल्या अक्षराला भोक पडतंय."

तिने दिवा लावला. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्याच्या पडद्यावर मधोमध डाग होता आणि तो पसरणार होता. पुण्याला पडद्याच्या डॉक्टरकडे जायलाच हवं, हे तिने सांगितलं, चिठ्ठी लिहून दिली. "चष्म्याने किती दिवस वाचता येईल ते सांगता येत नाही, चाचा."

"नऊ तारखेपर्यंत?"

"तोपर्यंत येईल."

"मग झालं."

चष्मा मंगळवारी मिळेल, मीच आणून देते, ती म्हणाली. तुमी कशापायी, मी येतो की गाडीनं, तो म्हणाला. मला त्या बाजूला काम आहे, असं ती म्हणाली, आणि तो पायऱ्या उतरून गर्दीत दिसेनासा होईपर्यंत काचेआड उभी राहिली.

संध्याकाळी तिने भावाला फोन केला. बाजीराव तळेगावजवळच्या नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांना कामगार पुरवायचा. दगड त्याच्या पुढाकाराने बसत होता आणि दगडावरचं पहिलं नाव आजोबांचं होतं. "दादा," ती म्हणाली, "आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली होती. बेचाळीसची. नावं कोणी सांगितली त्याची." पलीकडे कसलंसं यंत्र चालू होतं, ते बंद झाल्यासारखं वाटलं, बहुतेक तो आडोशाला गेला असावा. तो काय म्हणेल याच्या तिने दिवसभर मनात वेगवेगळ्या तालमी केल्या होत्या. कसली गोष्ट, असं तो विचारेल, असं त्या सगळ्यांत होतं. बाजीरावने विचारलं, "वही कुठंय?"

ती म्हणाली, "तुला माहीत होतं."

"मला काही माहीत नाही. वही माझ्याकडे आणून दे."

"वहीत ते नाहीच. त्यांनी लिहू दिलं नाही."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज सैल झाला. मग तो समजुतीने बोलू लागला. आदिनाथ गेला, रतन गेला, याह्या गेला. कागद नाही, साक्षीदार नाही. एकोणऐंशी वर्षांचा आजारी माणूस काय वाटेल ते बोलतो. आजोबा चौदा महिने आत होते, ते खोटं आहे का? "आणि आताच का, माधवी? आठवडा राहिलाय. त्या लोकांसाठी तू आपल्या माणसाला उघडं पाडणार?"

त्या लोकांसाठी. तिने फोन ठेवला. रात्री जेवताना तिला दिसत राहिलं ते पान, आणि त्या पानातून उचललेली बुंदी. सोमवारी तिने काच घासून फ्रेममध्ये बसवली. मापं तीनदा तपासली.

मंगळवारी कान्ह्याला उतरून ती चालत गेली. भाताच्या लावण्या संपल्या होत्या, बांधांवरून पाणी वाहत होतं. रुळाच्या कडेचं घर आता सिमेंटचं होतं. सरदार पडवीत एकटाच होता, सून कामावर गेली होती. त्याने चष्मा लावला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचलं, तारखा, वार, खालचं दुकानाचं नाव. खूश झाला. तिला पाट दिला. ती बसली नाही.

"चाचा, मी महिपतींची नात. बाजीरावची बहीण."

त्याने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाला.

मग तिने सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं आली नाहीत. तुमच्या अब्बांनी नावं सांगितली नाहीत, ती आजोबांनी सांगितली, त्यांनी स्वतः मला तसं सांगितलं, असं तीन तुकड्यांत तिने ते बोलून टाकलं आणि थांबली. आता तो रडेल, किंवा आभार मानेल, किंवा ओरडेल, आणि त्यातलं काहीही झालं तरी आपण हलके होऊ, अशी एक आशा आपल्या मनात होती, हे ती थांबल्यावरच तिला कळलं. सरदारने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"कवा सांगितलं त्यांनी?"

"दोन हजार एक साली."

त्याने बोटं मोडून हिशेब केला. "माझी आई दोन हजार सहाला गेली," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पाच वर्सं व्हती तुमाला. लोनावळ्यावरनं हितं यायला अर्धा तास लागतो."

ती उभीच होती. बाहेरून एक गाडी गेली, पडवीचे पत्रे थरथरले.

"अब्बांनी त्यो कोट कदी घातला न्हाई," सरदार म्हणाला. "पावसाळ्यात म्हशीच्या अंगावर टाकायचे. आई म्हनायची, जाळून टाका. अब्बा म्हनायचे, जाळला तर लोक म्हनतील भ्याला." मग तो उठला आणि खुंटीवरची छत्री काढली. "मला सांगून काय उपेग. मला ठावंच व्हतं अब्बांनी सांगितलं न्हाई. जिला ठावं न्हाई तिला सांगा. चला."

आदिनाथची मुलगी हिरा तीन घरं टाकून राहायची. ब्याऐंशी वर्षांची, सडसडीत, नवरा गेल्यावर बापाच्याच घरात परत आलेली. माधवी तिला हिराआत्या म्हणायची. दर दिवाळीला तिच्या पाया पडायची. ती ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. सरदार अंगणाच्या कडेला, वळचणीच्या बाहेरच थांबला. तो तिथेच थांबणार हे दोघांच्याही लेखी इतकं ठरलेलं होतं की हिराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माधवी? आज कशी आलीस गं?"

या वेळी वाक्यं नीट आली, आणि नीट आली म्हणून जास्त वाईट वाटली. हिराचा हात सुपात फिरत होता, तो फिरायचा थांबला. एक खडा तिने चिमटीत धरला होता, तो तसाच राहिला.

"तुला कुनी सांगितलं हे?"

"आजोबांनीच."

"लय मारलं आसंल त्यांना," हिरा म्हणाली.

ते विधान नव्हतं. ती विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माधवीला स्पष्ट दिसलं: या बाईने साठ वर्षं ज्या काकाच्या पायावर डोकं ठेवलं, ज्याने तिच्या लग्नात बापाच्या जागी उभं राहून पाणी सोडलं, तो तिला थोडातरी परत हवा होता. हो, एवढं म्हटलं की झालं. लय मारलं, सहन झालं नाही. त्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. याह्यावरचा डाग तरीही निघणारच होता, आणि आजोबांना माणसांनी क्षमा केली असती. शब्द तिच्या जिभेवर तयार होता. मागे छत्रीवर पाऊस वाजत होता.

"नाही," ती म्हणाली. "मारलं नाही, आत्या. खुर्ची दिली. चहा दिला."

हिराने खडा ओट्याखाली टाकला. सूप बाजूला ठेवलं, दोन्ही तळवे लुगड्याला पुसले. मग तिने मान वर केली आणि माधवीला ओलांडून, अंगणाच्या कडेकडे पाहून म्हणाली, "सरदारभाऊ, पाऊस लागतोय. वर या."

सरदार हलला नाही. त्याला ऐकू आलं नसावं असं वाटून हिराने पुन्हा तेच, थोड्या मोठ्याने म्हटलं. तेव्हा त्याने छत्री मिटली, चपला काढल्या, पाय धुवायला पाणी शोधलं, ते सापडेना म्हणून पागोळ्यांखालीच पाय धरले. हिरा त्याच्यासाठी घोंगडी अंथरत होती. माधवीला तिने बस म्हटलं नाही. घोंगडी सारखी करता करता, वर न बघता ती म्हणाली, "बाजीरावला सांग. याह्याकाकांचं नाव घाला, मग माझ्या बापाचं. न्हाईतर माझ्या बापाचं काढा. मी नऊ तारखेला सगळ्यांम्होरं उभी राहीन. तू जा आता."

ती अंगण ओलांडून गल्लीत आली. तिची छत्री सरदारच्या पडवीत राहिली होती. तिने पदराखालीच फोन धरून बाजीरावला लावला आणि हिराचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"आणि आजोबांचं?" त्याने विचारलं. "त्यांच्या नावाचं ती काय म्हणाली?"

"काहीच म्हणाली नाही."

"मग मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्याने तिला हे पहिल्यांदा विचारलं होतं. "मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "मी नऊ तारखेला येते. विचारलं तर सांगेन." तिने फोन बंद केला. ओट्यावर आता दोन पाठमोऱ्या आकृत्या दिसत होत्या. हिराचा आवाज पावसातून नीट ऐकू आला. "तुमची आई कशानं गेली हो?" ती विचारत होती, आणि सरदार सुरुवातीपासून सांगायला लागला होता.